मास्तर, तुही मापाची काडी

रविवारी दुपारी आपण माह्या ओसरीत लाकडी डाकोटा विमानाचे दोन्ही पंख सरस न लावता नुसते धडात खोचून पाह्यले. डावा तू केलेला, उजवा मी. शंकर फिटरनं चहाची बशी खाली ठेवली, एक डोळा मिटला, विमान नाकासमोर धरलं आन् म्हणे, "मिस्त्री, तुह्या अंगानं हे लंगडून राह्यलं."

तू पट्टी लावली नाई. दुरूनच म्हणला, "दोन सूत कमी."

"माहा कमी नाई," मी म्हणलं. "तुहा जास्त आहे."

"मास्तरचा जास्त असन तर मास्तरची आजपर्यंतची समदीच विमानं जास्त," शंकर म्हणे. "आन् तुही समदी कोऱ्या मांजरपाटासारखी. एक डाव पाण्यात घातली का आटली."

तुम्ही दोघं हासले. मी नाई हासलो. मंग तू म्हणला, "मिस्त्री, एक डाव मोजून दाखव. मोठ्यानं मोज."

मी मापाची काडी पंखावर ठेवली. पहिल्या खाचेवर अंगठा धरला आन् सुरू केलं. लाभ, दोन, तीन, चार. त्रेचाळीसले बरोबर पंखाच्या टोकावर आलो. पण तू पहिल्या शब्दालेच हासला होता. तोंडातल्या तोंडात, पण हासला. मी पाह्यलं.

"काऊन हासला?"

"वहिनीचं मोजणं बरोबर होतं," तू म्हणला. "तुहं..."

"माह्या बायकोचं नाव काढू नको. तू मले काडीच खोटी देली. चार वर्षं झाले, समजून राह्यलं मले."

शंकर उठून बाहेर पान थुकाले गेला. त्याच्या तोंडात पान नव्हतं. तू उरलेला चहा पेला, सावकाश. धडातून तुहा पंख काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, काखेत घेतला. "बुधवारी येतो," म्हणला.

"येजो," मी म्हणलं. तुह्याकडं पाह्यलं नाई.

मंगळवारी सकाळी तू गेला.

शाळेवाले माह्याकडं आले आन् म्हणले, देवराव मास्तरवर अंकासाठी काहीतरी लिहून द्या. मी त्याइले सांगतलं का तो कधी जन्मला, कुठं शिकला, किती वर्षं ड्रॉइंग शिकवलं, हे तुम्ही लिहा. मी चौथी शिकलो. मी लिहीन ते त्यालेच लिहीन, बाकीच्यानं वाचायचं असन तर वाचावं. त्याइनं चालन म्हणलं. मले वाटते, त्याइले दुसरं कोणी भेटलं नाई.

तर मास्तर, पहिले हे सांग. तू मेला हे मले शंकरनं सांगतलं तवा मी त्याले काय म्हणलं, तुले माहीत आहे का? म्हणलं, "जाय, त्याले सांग, असं सोंग घेतल्यानं पंख बरोबर होत नाई." शंकरच्या पायात चप्पल नव्हती. मंग मी उठलो.

तुह्या घरी गेलो तर तुले खाली घेतलं होतं. लोकं तोंड पाहून राह्यले होते, मी तुहे हात पाह्यले. मिलमधे तीस वर्षं काढली, माणसानं काय काम केलं ते मी त्याच्या हातावरून सांगतो. तुह्या उजव्या हाताच्या नखात भुसा होता. सावरीचा, पांढरा. म्हणजे रविवारनंतर तू करवत चालवली होती. पंख तर तुहा पूर्ण झालता, रंगच बाकी होता. मंग काय कापलं तू? तिथं तुही सून रडून राह्यली, तुह्या अंगावर पांढरं टाकून राह्यले, आन् माह्या डोस्क्यात एकच. हा मास्तर काहीतरी करून गेला. माहं माप खोटं पाडायसाठी काहीतरी करून ठेवलं यानं.

असा मी आहे. तुले नवीन नाई.

नऊ वर्षं झाले असतीन. लढाई संपून बरेच दिवस झालते, तरी विमान गेलं का समदं पुलगाव अजून वर पाहे. तू छापील कागदावरचं एक चित्र घेऊन आला, घडी पडून पडून चिंध्या झालेलं, आन् म्हणला, "मिस्त्री, हे लाकडात होईन का?" मी म्हणलं, "लाकडात पाळणा होते, पाट होते, हे कायले पाह्यजे?" तुह्या वहिनीनं आतून विचारलं, "उडन का?" तू म्हणला, "नाई उडणार." ती म्हणे, "मंग करा. उडलं असतं तर याइच्या मांगं मले धावा लागलं असतं."

मापाची युक्ती तुही. बांबूची कामटी घेतली, धराले एका टोकाशी दोन बोटं जागा कोरी सोडली, तिथून चाकूनं खाचा पाडल्या, पाव पाव इंचावर, म्हणजे दोन दोन सुतांवर. खऱ्या विमानाचा एक फूट म्हणजे दोन खाचांमधलं अंतर. भागाकार नाई, गुणाकार नाई, नुसतं मोजत जायचं. एक काडी तुह्यापाशी, तशीच एक माह्यापाशी. शिकलेल्या माणसानं न शिकलेल्यासाठी असं काही केलं का मले लगेच शंका येते. तवाही आली. पण काडी चांगली होती.

माह्या घरी काडी ती धरे. माह्या हातात पेन्सिल, तिच्या हातात काडी. ज्वारी मोजल्यासारखी मोजे ती. आपल्याकडं धान्य मापताना पहिल्या पायलीले कोणी एक म्हणत नाई, लाभ म्हणतेत, घरात आलेलं पहिलं माप ते लाभाचं. लाभ, दोन, तीन. लाकडाच्या पंखालेही ती तसंच मोजे. तू ओसरीत बसून हासे आन् म्हणे, "वहिनी, विमान पोत्यात भरून राह्यल्या का?" ती म्हणे, "तुमचं काय जाते? बरकत तर माह्या विमानाले येईन." मोजणं सुरू करायच्या आधी ती जराशी थांबे. मले वाटे, देवाचं नाव घेत असन.

तिघांचा मंग तो धंदाच झाला. सावरीचं लाकूड तू आणे, हलकं, नखानं दबणारं. मी रंधा मारून देई. शंकर पत्र्याचे पंखे कापे, फुंकर मारली का फिरत. तुहं सगळं चित्रासारखं. माहं सगळं हातासारखं. तुले मी म्हणे, "तुही विमानं मुडद्यासारखी नीट आहेत." तू म्हणे, "आन् तुह्या विमानाच्या शेपटीले पाटाचे पाय फुटतीन एक दिवस." सावरीची फळी वाटताना चांगला तुकडा तुह्याकडंच काऊन जाते, हे मी नऊ वर्षं पाह्यलं. गाठ असलेला नेमका माह्या वाट्याले. तू म्हणे, "गाठ काढणं तुले येते, मले येत नाई, म्हणून." आता याच्यावर काय बोलायचं? खरं असन तरी हे उत्तर तयार ठेवल्यासारखं वाटे.

नदीवरचं आठवते का? रेल्वेच्या पुलाच्या अलीकडं आपण वाळूत बसलो होतो. नागपूरकडं जाणारं विमान वरून गेलं आन् तू वहीत त्याचे पंख काढून राह्यला होता. इकडं दारूगोळ्याचा डेपो, त्याच्या लॉऱ्या, लोकाइले डोळ्यात तेल घालून बसायची सवय. एक शिपाई सायकल टाकून आला आन् म्हणे, "काय लिहून राह्यले?" तू तोंड उघडायच्या आत मी म्हणलं, "साहेब, हा लिहून राह्यला. मी नाई."

त्यानं तुही वही चाळली. शेवटच्या पानावर तुह्या सुनेनं सांगतलेली सामानाची यादी होती. हिंग, जिरं, खोबऱ्याची वाटी. त्यानं विचारलं, हे काय? तू म्हणला, "हे विमानात भरायचं आहे." तो हासला म्हणून सुटलो. तू मले घेऊन सरळ माह्या घरी आला. ओसरीत पाय ठेवला आन् तिले म्हणला, "वहिनी, आज मिस्त्रीनं मले सरकारले देऊन टाकलं. भाकरी एकाचीच टाका." त्याच्यानंतर काही बिघडलं, सरस सांडला, पंखा तुटला, का तू म्हणे, "साहेब, हा लिहून राह्यला." पाच वर्षं म्हणला. मी त्याची माफी मागतली नाई. मागायची होती. तू हासत असे म्हणून राहून गेली.

मंग ती गेली. त्या दिवसात जुनी काडी कुठं गेली, माहीत नाई. चुलीत गेली असन. घरात बाया होत्या, जे हाताले लागलं ते जळणात. चौदाव्या दिवशी तू आला. खांद्यावर फळी, हातात नवी काडी. बसला नाई, हातपाय धुतले नाई, कशी गेली विचारलं नाई. म्हणला, "हे रंधून दे. उद्या पाह्यजे."

मले राग आला. तुह्या तोंडावर बोललो नाई, पण मनात म्हणलं, माही बायको जाऊन पंधरा दिवस नाई झाले आन् याले फळी सुचून राह्यली. स्वतःचं काम अडलं म्हणून आला. मी रंधा काढला. दुसऱ्या दिवशी तू पुन्हा आला, दुसरी फळी घेऊन. तिसऱ्या दिवशी पुन्हा. त्या फळ्यांचं तू काही केलं नाई, मास्तर. तुह्या राखेच्या दिवशी तुही सून म्हणे, माळ्यावर रंधलेल्या फळ्यांची चळत आहे, चाळीसेक असतीन, बाबांनी त्याइले कधी हात लावला नाई, त्याचं काय करायचं? मी म्हणलं, राहू दे.

पण त्या नव्या काडीपासून माही विमानं कमी येऊ लागली. पहिलं केलं तेव्हाच तुह्या विमानाशेजारी ठेवल्यावर ते पिल्लासारखं दिसलं. दुसरं तसंच. दर खेपेले दोन सूत, पंखातही, धडातही. बाई होती तवा बरोबर येत होतं, तू नवी काडी देली तवापासून चुकाले लागलं. कोण्याही माणसानं याचा काय अर्थ लावला असता? एक डाव तुही काडी मागावं आन् दोन्ही शेजारी ठेवून पाहावं, एवढंच करायचं होतं. पण मागतली असती तर तुले समजलं असतं का मी तुह्यावर संशय घेतो. आन् बरोबर निघाली असती तर चूक माही ठरली असती. म्हणून चार वर्षं मी ते तोंडातच ठेवलं. कडू सुपारीसारखं. थुकलंही नाई, गिळलंही नाई.

शाळेच्या हॉलात टांगाले मोठं डाकोटा करू, एक पंख तुहा एक माहा, हे तूच काढलं. मी तवाच म्हणलं मनात, आता याले गावासमोर माहं माप उघडं पाडायचं आहे. तरी हो म्हणलं. तू पेपरातून वाचून दाखवे, नागपूर राजधानी राह्यते का जाते, आपण कोण्या राज्यात जातो, आन् मी पंख घासत घासत विचार करे का राज्याचं जाऊ दे, या माणसाच्या मनात काय आहे?

गुरुवारी नदीवर तुह्या राखेचं झालं. परत येताना तुह्या सुनेनं, सुमननं, जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेलं काहीतरी माह्या हातात देलं. म्हणे, "काकाजी, सोमवारी बाबांनी सांगतलतं, बुधवारी मले जाणं झालं नाई तर हे मिस्त्रीले नेऊन देजो."

"जाणं झालं नाई तर, असं म्हणला तो?"

"हो."

"काऊन? तब्येत बरी नव्हती का?"

तिनं पदर तोंडाले लावला. म्हणे, "मले काही बोलले नाई ते. तुमच्याजवळ काही बोललते का?"

काय सांगू तिले? रविवारी तू छातीवरून हात फिरवत होता, आता आठवते. मी समजलो, माह्यावर हासू येऊन राह्यलं ते दाबून राह्यला.

घरी येऊन आंघोळ केली आन् फडकं सोडलं. तुहा पंख. तुही काडी. आन् एक लाकडाची चकती, पंखाच्या बुडाच्या आकाराची, दोन खाचांमधल्या अंतराएवढी जाड. तिच्यावर पेन्सिलीनं, तुह्या त्या फळ्यावरच्या अक्षरात, एकच शब्द. लाभ.

खरं सांगतो, पहिले शिवी देली तुले. म्हणलं, मेल्यावरही हा माणूस चिडवून राह्यला.

मंग तुहा पंख माह्या पंखाले लावून पाह्यला. बरोबर. सुतासुताले बरोबर. ती चकती म्हणजे तुह्याच पंखाचा तुकडा, तू तो बुडाकडून कापून पंख माह्याएवढा करून ठेवला होता. म्हणजे तुहा जास्त होता? कबूल केलं तू? मले आनंद झाला पाह्य, दोन मिनिटं. मंग दोन्ही काड्या शेजारी ठेवल्या, चार वर्षांत पहिल्यांदा. खाचेले खाच. कुठं केसाचाही फरक नाई.

आढ्याले तिच्या वेळचं एक विमान टांगलेलं आहे, ते खाली काढलं. तिनं मोजलेलं, मी कापलेलं. याचा पंख तीस फूट, तू कागदावर लिहून देलतं. मी तुह्या काडीनं मोजलं. लाभ, दोन, तीन. एकतीस भरलं. पुन्हा मोजलं. एकतीस. माह्या काडीनं मोजलं. एकतीसच.

उठलो, कणगीपाशी गेलो. तिची पायली तिथंच आहे. ज्वारी भरली, सुपात ओतली, तवा तोंडातून निघालं, लाभ. ओतल्यावर. पायली रिकामी झाल्यावर. पायली हातात घेतल्याबरोबर कोणी लाभ म्हणत नाई, मास्तर. काही घरात पडलंच नाई तर लाभ कायचा? आन् मी चार वर्षं पहिल्या खाचेवर अंगठा टेकला का लाभ म्हणत होतो. तिथं अजून काहीच मोजलेलं नसे; त्रेचाळीस म्हणलं तवा बेचाळीसच भरलेले असत. ती पहिल्या खाचेवर थांबे, ते देवाचं नाव नव्हतं. ती दुसऱ्या खाचेवर पोचायची वाट पाहे. शब्द तेवढा मी तिच्याकडून घेतला, थांबणं घेतलं नाई.

हे तुले कधीपासून माहीत होतं? रविवारी माहीत झालं, मी मोठ्यानं मोजलं तवा? का चार वर्षांपासून? चार वर्षांपासून माहीत असन तर मी तुले माफ करत नाई, हे लिहून ठेव. सांगायचं होतं. मी भांडलो असतो, आठ दिवस बोललो नसतो, पण सांगायचं होतं. रविवारी सांगाले लागला तर मी तिचं नाव घेऊ देलं नाई, तेही खरं. तिच्या नावाशिवाय हे सांगताही येत नव्हतं. म्हणून तू घरी जाऊन तुहा खरा पंख कापला. तू, जो पोट्ट्याची रेघ केसभर वाकडी गेली तर पान फाडत होता. ते कापताना तुहा हात कसा चालला, हे मले समजून घ्यायचं आहे. तू चकतीवर तो शब्द चिडवाले लिहिला, का समजवाले, का दोन्हीसाठी, तेही. आता कोणाले विचारू? शंकर म्हणते, दोन्हीसाठी. शंकरले काय समजते.

पण मास्तर, तुहं खरं माप माह्यापायी खोटं व्हावं, हे मले चालणार नाई. हॉलात पोट्टे खाली उभे राहून वर पाहतीन, त्याइले काही समजणार नाई. मले समजन.

दुसऱ्या दिवशी सकाळी भोंगा व्हायच्या आधी उठलो. सरसाचं भांडं चुलीवर ठेवलं. तुही चकती तुह्या पंखाले परत लावली, लिहिलेली बाजू आत, जोडात. आता ते अक्षर कोणाले दिसणार नाई. रेघ तेवढी दिसते. मंग तुह्या घरी जाऊन माळ्यावरच्या त्या फळ्यांतली एक आणली, माह्या पंखासाठी तशीच चकती काढाले. फळी मांडीवर धरली आन् तुही काडी तिच्यावर ठेवली. पहिल्या खाचेवर अंगठा टेकवला आन् तोंड बंद ठेवलं. अंगठा सरकवत दुसऱ्या खाचेवर आणला. तवा म्हणलं, लाभ.

पुढं मोजायचं नव्हतं. एवढंच कमी होतं. करवत उचलली.